बोटीवर एकही बाई नाही

रविवार, ८ सप्टेंबर २०२४. रात्री सव्वानऊ.

नवी मालिका सुरू झाली. आमच्या किनाऱ्यावरून आइसलँडला कॉड मासे धरायला निघालेली शंभर वर्षांपूर्वीची बोट. बारा पुरुष आणि एक कुत्रा. कुत्राही नर. पन्नास मिनिटांत बाईचा आवाजसुद्धा नाही. निरोप द्यायला नाही, रडायला नाही. माझे आजोबा याच बोटींवर होते. ते निघायचे तेव्हा धक्क्यावर निम्मं गाव बायकांचं असायचं, आणि त्यांची जाळी कोण विणायचं? आजी.

कुणासाठी बनवतात हे? पुरुषांसाठी, आणखी कुणासाठी! पुरुषांना पुरुष बघायला आवडतात. नाहीतर सायकलच्या शर्यतीपुढे सहा-सहा तास कोण बसेल?

निश्चय: यापुढे एकही भाग बघायचा नाही. गावातल्या बायकांनाही बघू द्यायचा नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर.

महिला मंडळाची बैठक. अध्यक्ष या नात्याने (एकोणिसावं वर्ष) मी टीव्हीवाल्यांना द्यायचं निवेदन वाचून दाखवलं. मागणी साधी आहे: बोटीच्या मालिकेत बाई हवी. वयस्क, शहाणी, स्पष्ट बोलणारी. एकतीस जणी हजर होत्या. सफरचंदाचा केक संपला, सही एकीनेही केली नाही. म्हणे, आम्ही ती मालिका बघतच नाही, मग सही कशी करणार? आनंद आहे.

लुटगार्ट म्हणाली, आर्लेट, तू बघितलीस वाटतं? मी म्हटलं, एकच भाग, कर्तव्य म्हणून. ती कॉफीत बिस्कीट बुडवत म्हणाली, आणि कर्तव्य दिसायला कसं होतं?

या बाईला मी तिसरीपासून सहन करते आहे.

रविवार, १५ सप्टेंबर.

बघितली. पुराव्याशिवाय तक्रार करता येत नाही. अडतीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यूची नोंद ठेवली, ऐकीव माहितीवर कुणाला मेलेलं लिहिलं नाही.

अडचण त्या डब्याची. गेल्या वर्षी टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्यांनी आमच्या टीव्हीवर बसवला. कोण काय बघतं ते त्यात नोंदलं जातं. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं. एक नंबर माझं, दोन नंबर नवऱ्याचं, विल्फ्रीडचं. बसवणारा माणूस म्हणाला होता, बाई, तुमचं घर म्हणजे हजारो घरं. म्हणजे मी एक नंबर दाबला की हजारो बायका ही मालिका बघतात असं ठरणार! माझ्याच बोटाने माझी मोहीम बुडणार.

दोन नंबर दाबला. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला खोटं बोलायला शिकवलेलं नाही आणि हे खोटं नाहीच. मालिका पुरुषांसाठी आहे, तेव्हा ती पुरुषाच्या नावावरच लागली पाहिजे. विल्फ्रीड कबुतरखान्यात, त्याच्या शर्यतीच्या कबुतरांपाशी होता. त्याला त्रास दिला नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर.

दुपारी तोच भाग पुन्हा दाखवतात. टिपणं पडताळली. योरिस नावाचा खलाशी बर्फात उभा राहून कोपरापर्यंत बाह्या दुमडतो. अशक्य गोष्ट. किती अशक्य आहे याची खात्री करायला तो प्रसंग मागे नेऊन तीनदा पाहिला. संध्याकाळी आणखी एकदा. वही निम्मी भरली.

रविवार, ६ ऑक्टोबर.

योरिस समुद्रात पडला!

काढला वर. अंगातला सदरा फाडला आणि चार पुरुषांनी त्याला दारू चोळली. चार! अशा नाजूक कामाला बोटीवर एक बाई असू नये? निवेदनात हा मुद्दा घालायलाच हवा.

विल्फ्रीड सुतळी न्यायला आत आला. म्हणाला, कोण बुडालं? मी म्हटलं, कुणी नाही. मग तू उभी का? म्हणाला. मी उभी आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाठ आखडते हल्ली.

गुरुवार, १० ऑक्टोबर.

सह्या: दोन. एक माझी, दुसरी झुल्माची. तिला वाटलं निवेदन बसथांब्याबद्दल आहे.

बेकरीत शिरले तर लुटगार्ट बेकरीवालीला विचारत होती, वर काढला तेव्हा श्वास चालू होता ना गं? मला पाहिल्यावर दोघी पालेभाजीच्या भावाबद्दल बोलू लागल्या. लुटगार्टच्या नवऱ्याला दम्याचा त्रास आहे, त्याचंच काहीतरी असावं. विचारपूस करायला जायला हवं. वेळ नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

टीव्हीवाल्यांचं पत्र. माझ्या निवेदनाला उत्तर नव्हे. पत्र विल्फ्रीडच्या नावे. सत्तरीपुढच्या पुरुषांत आपल्यासारखा निष्ठावान प्रेक्षक आम्हाला दुसरा आढळला नाही. दुसऱ्या भागापासून एकही चुकवला नाही, बुधवारचेसुद्धा पाहिलेत. मालिकेचं दुसरं पर्व लिहिण्याआधी आपलं मत हवं आहे. ब्रुसेल्सला यावं. जेवणाची सोय आहे.

विल्फ्रीडला म्हटलं, डबा बिघडलेला दिसतो. त्याने फक्त जेवणात काय आहे ते विचारलं.

विचार केला. ही तर संधी! स्वतः पुरुषानेच बाई मागितली तर ते काय बोलणार? चार पानं लिहून दिली. वयस्क, शहाणी, स्पष्ट बोलणारी, हे त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. आठ वेळा बरोबर आलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर.

सात वाजता परत आला. खुशीत. हिरव्या रश्श्यातली ईल मासळी दोनदा वाढून घेतली म्हणे. मी विचारलं, पानं वाचलीस? म्हणाला, चष्मा नेला नव्हता, मग मनाचंच बोललो.

मनाचं म्हणजे कबुतरांचं.

त्यांना म्हणाला, तुमच्या बोटीची चूक मला कळली. घरी कुणी नाहीच, तर ती परत कशाला येईल? शर्यतीला मी फक्त नर पाठवतो. निघण्याआधी पाच मिनिटं त्याला त्याची मादी दाखवायची, मग दार बंद करायचं. मग बघा, फ्रान्समध्ये नेऊन सोडला तरी जीव तोडून घरी येतो की नाही! सगळे लिहून घेत होते म्हणे. एका मुलीने विचारलं, आजोबा, मादी साधारण किती वयाची? हा म्हणाला, तरुण, म्हातारीसाठी कोण एवढं उडेल?

मी त्याच्याकडे बघितलं. कबुतरांचं बोलतोय गं, म्हणाला, कबुतरांचं.

असो. तपशिलात चुकला, पण तत्त्व मान्य झालं. बोटीच्या मालिकेत बाई येणार. मोहीम यशस्वी. मंडळाच्या अहवालात माझ्या नावाने नोंद करावी.

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. रात्री नऊ.

पहिल्याच मिनिटाला बाई. वय पंचवीस, केस मोकळे, धक्क्यावर. योरिसची बायको!

कधी झालं लग्न? दहा भागांत एका शब्दाने बोलला नाही. मी प्रत्येक भाग दोनदा पाहिला आहे, मला सांगू नका. दोघांचे तोंडात तोंड घातलेले चेहरे पडदाभर. बरोबर पाचव्या मिनिटाला ती घरात गेली आणि दार बंद. पुढची पंचेचाळीस मिनिटं हा तिचा फोटो बघतोय. तिने विणलेला स्वेटर अंगात. बाह्या मनगटापर्यंत खाली.

विल्फ्रीड पहिल्यांदाच शेजारी येऊन बसला. बघ आता कसा सुटतो घराकडे, म्हणाला, वारा उलटा असला तरी! मालिका फार सुधारली, म्हणाला.

टीव्ही बंद होण्याआधी मी कागद पुढे ओढला. 'महोदय, मासेमारीच्या बोटीच्या गोष्टीत बायकांचं काय काम?' चांगली सुरुवात आहे. उद्या सकाळी सह्या. ज्या बघतच नाहीत त्यांना आधी सगळं समजावून सांगावं लागेल. कठीण जाणार.

सोमवार, ८ सप्टेंबर.

साडेआठला बेकरीपाशी पोचले. लुटगार्ट दारातच टेबल मांडून बसली होती. तिच्याकडे तिचा कागद. 'योरिसच्या बायकोला ताबडतोब काढा.' मुद्दे नाहीत, प्रस्तावना नाही, शुद्धलेखन यथातथा. अठ्ठावीस सह्या.

मी म्हटलं, तुम्ही तर कुणी बघत नव्हता. झुल्मा रडवेली झाली होती.

माझा कागद पर्समध्येच ठेवला. लुटगार्टच्या कागदावर एकोणतिसावी सही केली. केवळ तत्त्वासाठी, आणि मजकुरात दोन दुरुस्त्या सुचवणार होते, तोच ती म्हणाली, सही झाली ना, अध्यक्षबाई? मग सरका. मागे रांग आहे.