नळीवरचं नाव

प्रिय ताई,

आईकडून तुझा निरोप कळला. तुझ्या लेकीचे दिवस भरत आलेत आणि बाळंतपण मावशीनंच करावं असा तिचा हट्ट आहे. उत्तर शेवटी देते.

जंतूंशी माझी ओळख तूच करून दिलीस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी त्यांची नावं पाठ करताना मी रडकुंडीला यायचे, तेव्हा तू माझी न धुतलेली बोटं जंतू वाढवायच्या प्लेटवर टेकवायला लावलीस. दुसऱ्या दिवशी तिथं ठिपकेच ठिपके. "बघ, तुझी प्रजा!" म्हणून किती हसलीस. धडधाकट माणसाच्या नाकातही जंतू मुक्कामाला असतात, त्याच्या हातांवरून बाळापर्यंत पोचतात, हे तूच सांगितलंस. तो काही गुन्हा नाही, थोडे दिवस नाकात मलम लावलं की बहुतेकांचा जातो, हेही.

म्हणून वॉर्डातल्या बाळांच्या अंगावर पुवाचे फोड उठले आणि आपल्या सगळ्यांच्या नाकातले स्वॅब घेतले, तेव्हा मी बिनघोर होते. इनचार्ज तू, स्वॅबच्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावणारी तू. जंतू माझ्या नावाच्या नळीत निघाला. मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि मला वॉर्डातून काढलं. तू जवळ घेऊन म्हणालीस, "मनाला लावून घेऊ नकोस गं, कुणालाही होतं." मी तुझ्याच खांद्यावर रडले.

मी गेले तरी फोड थांबले नाहीत. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं पहिलंवहिलं बाळ गेलं. मग डॉक्टरांनी स्वतः पुन्हा स्वॅब घेतले आणि जंतू तुझ्या नाकात सापडला. धाकटीनं थोरलीला दिला, म्हणून सगळे हळहळले. तू मान खाली घातलीस. मला वाटलं, मला सांभाळून घेतेयस.

परवा वॉर्डातल्या जुन्या आयाबाई भेटल्या. तुझं कौतुक करता करता सहज म्हणाल्या, "तुमच्या दोघींच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या चुकल्या होत्या ना, ताईंनी सोलून बरोबर लावल्या." बिचारीला अजूनही ते खरंच वाटतंय. माझ्या हातातला चहा निवून गेला. स्वॅब घेतले तेव्हा तुझ्या नाकात फोड होता, तू रुमाल सोडत नव्हतीस. बढती तोंडावर आली होती. तुला संशय आला होता, ताई, म्हणून तुझ्या नळीवर माझं नाव लावलंस. माझी बदनामी मी गिळलीही असती. पण गुपचूप मलम तरी लावायचंस! कुणी विचारेल म्हणून तेही नाही, आणि त्याच हातांनी बाळं उचलत राहिलीस.

मी येईन. पोरीनं काय केलंय? पण तू खोलीबाहेर थांब. जंतूची भीती नाही, तो केव्हाच गेला असेल. तू समोर असलीस तर माझं लक्ष पोरीकडे राहणार नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी पोचली की मी मेट्रनबाईंकडे जाणार आहे, आणि तिथून त्या बाईच्या घरी. माझ्याआधी तू जाऊन सांग. तेवढं तरी माझी ताई म्हणून कर.

'तुझीच' लिहवत नाही,
धाकटी