पाच बाजू, दोन कर्ण

१२ जून

पाचकोनी खिडकी! वकीलबाईंच्या जिन्यावरची. काच तडकलीय, नवी बसवायची. शिडी डुगडुगत होती. पाच बाजू कशाबशा मापल्या. कर्ण राहिले — शेंड्यापासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत फीत ताणायची म्हणजे दोन्ही हात सोडायचे. नाही जमलं. खाली उतरून दोन्ही कर्ण अंदाजाने ठोकून दिले. बाबांना काय कळतंय!

मी त्यांच्या काचेच्या दुकानात आले त्या दिवसापासून बाबा सांगताहेत — "नुसत्या बाजूंवर जाऊ नकोस पोरी. बाजू तेवढ्याच राहतात आणि चौकट कलंडते. कर्ण घेतले की आकार जागचा हलत नाही."

१४ जून

काच बसली नाही. पाचही बाजू बरोबर, पण शेंडा एका अंगाला झुकलेला. एवढी जाड काच — वाया! वकीलबाई हसत म्हणाल्या, "वय झालं हो आता तुमचं." बाबांच्या जिव्हारी लागलं. माझा कागद नाकाशी धरून किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "माप बरोबरच असणार. माझाच हात चुकला."

मी तो कागद घडी करून वहीत दडवला.

१५ जून

बाबांनी काच कापायची हिरकणी फडक्यात गुंडाळून कपाटात टाकली. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही! जेवताना आईला म्हणाले, "दुकान बंद करू या. हात गेला माझा." मी समोरच.

१६ जून

आजही बोलले नाही. भित्री कुठली.

१७ जून

सांगितलं! सगळं. वाटलं, आता कानाखाली बसणार. बाबा बघतच राहिले — आणि खो खो हसत सुटले. "म्हणजे हात शाबूत आहे माझा! आधी बोलायला काय झालं होतं, गाढवे?" हिरकणी काढली, पुसली. आईला हाक — "ऐकलंस का? ही चुकली, ही!" माझ्या चुकीचा एवढा आनंद कुणालाच कधी झाला नव्हता.

संध्याकाळी आईला शिडी धरायला नेलं. दोन्ही कर्ण दोनदा मापले.

१९ जून

बाबांनी काल कापलेली नवी काच बसवायला सुताराला घेऊन मी गेले. बसली नाही. तिथेच फीत लावली. कागदावरचं माझं माप बरोबर. कापलेल्या काचेचा एक कर्ण दोन बोटं आखूड.

बाबा दुकानाच्या दारातच उभे होते. म्हटलं, "पुन्हा मीच चुकले, बाबा."

"गाढवे!" म्हणाले. आणि हसले.