मागच्या भिंतीपाशी तीन तास

प्रिय ताईस,

तुझ्या भिंगरीचा साष्टांग नमस्कार (बसलोय तिथे आडवं पडायला जागा नाही, म्हणून बसल्या बसल्याच घालतोय, तू पुरा धरून घे). मान कशी आहे? काजं करताना तासातासाला उठून चार पावलं चालायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तू करत नसणार हे मला इथून दिसतंय. तुझ्या शिलाईच्या दुकानातल्या मालकीणबाई अजून रेडिओशी भांडतात का? मी ठणठणीत आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर आलाय, पण तो कामामुळे, काळजी करू नकोस.

हे पत्र मी पंधरा दिवसांपासून लिहितोय. म्हणजे लिहीत नव्हतो, लिहिणार होतो. पहिल्या दिवशी कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी कागद मिळाला तर पेनाचं टोपण हरवलं, ते शोधायला पलंगाखाली शिरलो तर तिथे मांजराची तीन पिल्लं निघाली, मग चार दिवस त्यांच्यातच गेले (एक अगदी तुझ्यासारखं आहे, कपाळाला आठी घेऊनच जन्मलंय). फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू आधी जेवलास का विचारतेस, मग काय जेवलास विचारतेस, आणि तेवढ्यात माझं अवसान संपतं. शिवाय माझं खोटं तुला फोनवर लगेच कळतं. समोर असलो की मात्र तू माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या कपड्यांकडे बघतेस, त्यामुळे तिथे मी सुटतो. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर आज दहाची घंटा झाली आहे आणि पुढची एक वाजता होईल. तेवढ्यात हे पत्र संपलं नाही, तर एका सोळा वर्षांच्या मुलीला मी तोंड दाखवू शकणार नाही. का, ते क्रमाने सांगतो. तू नेहमी म्हणतेस ना, भिंगरी, एकदा तरी सुरुवातीपासून सांग.

मी टीव्हीत कामाला लागलोय हे तुला कळवलं होतं. ‘टीव्हीत’ असं लिहिल्यामुळे तू शेजारीपाजारी काय काय सांगितलं असशील याची मला कल्पना आहे, म्हणून आधी तेच उतरवतो. मी टीव्हीत दिसत नाही. दिसलो तर शिव्या खातो. एका शाळेतल्या चार मुलांच्या मागे वर्षभर कॅमेरा घेऊन फिरायचं, ती शेवटच्या वर्षाला आहेत, ती काय बोलतात, कुठे रडतात, अभ्यास करतात की नाही, सगळं खरंखुरं टिपायचं आणि दर रविवारी दाखवायचं, असा हा कार्यक्रम आहे. त्यात मी लांब काठीच्या टोकाला बांधलेला माइक मुलांच्या डोक्यावर धरून उभा असतो. मोठी माणसं मला ‘काठी’ म्हणतात, मुलं ‘काठीदादा’ म्हणतात. घरचं नाव इथे कुणाला माहीत नाही.

काम सोपं वाटतं, पण नाही. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक प्रार्थनेनंतर शिस्तीवर बोलत होते आणि मी काठी थोडी वर घेतली, तर ती पंख्यात गेली. पंख्याने ती अशी भिरकावली की माइक थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या पाण्याच्या जगमध्ये. आठशे मुलं हसली. कॅमेरावाल्याने हे सगळं टिपलं आणि पहिल्या भागाची सुरुवातच त्याने झाली (माझा फक्त हात दिसतो, तोही मनगटापर्यंत). मग वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकला एक केसाळ टोपडं घातलं, तर ते शाळेच्या पहारेकऱ्याच्या कुत्र्याला आवडलं. आवडलं म्हणजे कसं, दुश्मन म्हणून की आणखी कशासाठी, ते अजून आम्हाला ठरवता आलेलं नाही. खेळांच्या दिवशी त्याने मला काठीसकट मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. धावण्याच्या शर्यतीचे शिक्षक म्हणाले, हा मुलगा कुठल्या वर्गातला? मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण खरं काम काठीचं नाही, कॉलरचं. चारही मुलांच्या कॉलरला वाटाण्याएवढा माइक लावायचा, कमरेला त्याची डबी, आणि आमचे आवाजकाका (हे माझे वरिष्ठ, तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेत, घरीही बायकोला हातवारे करून सांगतात म्हणे) लांब कुठेतरी बसून सगळं ऐकणार. काकांनी पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला: काम संपलं की आधी माइक काढायचा, मगच मुलांशी बोलायचं. मी नियम वहीत लिहून घेतला. वही पिल्लांच्या खाली आहे.

त्या चौघांत एक मुलगी आहे. सगळे तिला शिट्टी म्हणतात, कारण ती चालताना शिट्टी वाजवते. जिन्यात, मैदानात, पाण्याच्या नळापाशी. बोलणाऱ्याच्या मागे तिची शिट्टी येते आणि आवाजकाका डोक्याला हात लावतात. वर्षभर आम्ही तिला पोरी गप्प बस म्हणून विनवलं. आणि पंधरा दिवसांपूर्वी ती गप्प बसली. कॅमेऱ्याला काहीच कळलं नाही, मुलगी दिसायला तशीच होती. पण ताई, कानाला कळतं. नळापाशी आली, पाणी प्यायली, गेली, नुसत्या चपलांचा आवाज. मला कसंसंच झालं.

त्या दिवशी चित्रीकरण संपल्यावर मी तिचा माइक काढायला विसरलो. कुत्रा आला होता, त्याचं बघत होतो. नंतर डबी आठवली म्हणून हेडफोन लावून ती कुठे आहे ते शोधायला लागलो, तर कानात तिचा आवाज आला, कुणाशी तरी बोलत होती. “आई, पेपर छान गेला.” थोडं थांबून परत, जरा हसून: “आई, छान गेला गं पेपर!” मग तिसऱ्यांदा, दमल्यासारखं. पेपर तर अजून पंधरा दिवसांवर होता. ती एकटी होती आणि वाक्य पाठ करत होती.

ताई, हे वाक्य मला पाठ आहे. मीही ते तीनदा म्हणून बघितलं होतं.

मी धावत गेलो. ती मागच्या भिंतीपाशी, आत्ता मी बसलोय तिथेच बसली होती, आणि वर बघून भिंतीचा अंदाज घेत होती. मी म्हणालो, उडी मारता येते, उतरताना गुडघे वाकव. ती चपापली. मग तिने सांगितलं, की गणिताच्या पेपरला ती पुढून आत जाणार आणि मागून बाहेर पडणार. घरी सगळ्यांना वाटतं ती हुशार आहे, टीव्हीवर आल्यापासून तर गावाला वाटतं. कागदावर आकडे दिसले की ती पेन खाली ठेवते. मी तिला काय उपदेश करणार? मला तर पाढेही चौदापर्यंतच येतात. म्हणून मी तिला माझी गोष्ट सांगितली. आता ती तुला सांगतो. साडेअकरा झालेत. आता टोपण, मांजर, कुत्रा काही नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या गणिताच्या पेपरला तू दुकानातून सुट्टी घेऊन फाटकाबाहेर बसली होतीस. छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन, तीन तास. मी आत जाताना तुला हात केला. ताई, मी वर्गात गेलोच नाही. मागच्या भिंतीवरून उडी मारली. पलीकडे एक सुतार शिडी बनवत होता, ती पुरी होईपर्यंत बघत बसलो (फार सुरेख शिडी झाली, एक पायरी तर मीच ठोकली). घंटा होता होता भिंतीवरून परत आत, आणि पोरांच्या घोळक्यातून पुढच्या फाटकाने बाहेर. म्हणालो, पेपर छान गेला. तू माझ्या पँटवरची कुसळं काढलीस आणि म्हणालीस, काय बाई या शाळेची बाकं, कोणी झाडतच नाही वाटतं.

मग निकाल आला. गणितापुढे ‘गैरहजर’. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी, ताई, मी तुलाच साक्षीला उभं केलं. म्हणालो, तूच तर बघितलंस ना मला आत जाताना?

त्यावर तू परीक्षा मंडळाशी जी लढाई सुरू केलीस ती आजपर्यंत चालू आहे. माझ्या भावाची उत्तरपत्रिका हरवली आहे, मी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी आत जाताना पाहिले आहे, ती शोधून द्यावी. दरवर्षी एक अर्ज, काजांसारख्या बारीक, सारख्या अक्षरात. सगळे त्या हिरव्या फायलीत. मागच्या पत्रात तू आनंदाने लिहिलंस, की नवे कारकून चांगले आहेत, बसायला खुर्ची देतात, आणि जुनी कपाटं उघडून बघतो म्हणालेत. ते वाचून मी दोन दिवस जेवलो नाही (तिसऱ्या दिवशी जेवलो). त्या भल्या माणसाला सांग, कपाटात काही नाही. उत्तरपत्रिका नव्हतीच. सगळे म्हणतात मी घर सोडलं ते पायाला भिंगरी आहे म्हणून. ती आहेच, पण बर्फाच्या कारखान्यात, बोटीवर, तंबूवाल्यांकडे जिथे जिथे गेलो, तिथून पुढे पळायला लावलं ते तुझ्या टेबलावरच्या त्या फायलीनं.

हे सगळं मी शिट्टीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: “मग ताईला कधी सांगितलंस?” मी म्हणालो, सांगणार आहे. ती म्हणाली, “वा रे काठीदादा! म्हणजे मी बसायचं पेपरला आणि तू बसणार भिंतीपलीकडे?” शेवटी सौदा ठरला. गणिताच्या दिवसापर्यंत मी तुला पत्र टाकायचं, मग ती पेपरला बसणार. आज सकाळी फाटकात तिने विचारलं, टाकलंस? आणि मी, काय सांगू ताई, तोंडातून ‘हो’ निघून गेलं. सवयीचं तोंड आहे. ती आत गेली. म्हणून मी इथे भिंतीपाशी बसून तीन तासांत ते ‘हो’ खरं करतोय. आणि चुकून कोणी भिंत चढायला आलंच, तर अडवायलाही कोणी हवं.

शिडीवरून आठवलं, तो सुतार... नाही. एक वाजायला वीस मिनिटं आहेत.

ताई, मला रागाव. पण फाटकाबाहेर बसलीस त्याची लाज वाटून घेऊ नकोस. इतकी वर्षं मी जिथे जिथे काठी धरून, ओझं धरून, दोर धरून उभा राहिलो, तिथे कंटाळा आला की मनात यायचं, ती तीन तास उन्हात बसली होती, तू अजून दहा मिनिटं थांब. मी थांबायला तुझ्याकडून शिकलोय, फक्त फार उशिरा.

तुझा,
भिंगरी

ता. क. खरी गोष्ट आता सांगतो. त्या दिवशी माझ्या बोलण्याच्या नादात शिट्टीचा माइक चालूच राहिला. पलीकडे आवाजकाकांनी सगळं ऐकलं. ते म्हणतात, बंद करणार होतो, पण हात उठेना. दिग्दर्शिका मॅडमना तो आवाज कार्यक्रमात घ्यायचाय, रिकाम्या जिन्याच्या चित्रावर. शिट्टीने आणि तिच्या आईने सही दिली. (हो, आईलाही कळलं. रडली, मग रोज संध्याकाळी स्वतः गणित शिकायला बसली. दोघींना सारखंच येत नाही, म्हणून मजेत चाललंय.) मॅडम म्हणाल्या, गोष्टीत जे जे आहेत त्या सगळ्यांची संमती लागते. म्हणजे माझी आणि तुझी. सोबत कागद जोडलाय, फुली केली आहे तिथे सही कर. नको वाटलं तर फाडून टाक, मी मॅडमना सांगेन. ज्या गोष्टीत तू आहेस, ती तुझ्या परवानगीशिवाय आता पुन्हा कुठे सांगायची नाही.

ता. क. दुसरा. माझ्या कागदावर ‘शिक्षण’ असा रकाना होता. दरवेळी तिथे मी काहीतरी गिचमिड करतो. या वेळी लिहिलं: एक विषय बाकी. शिट्टी म्हणते बाहेरून बसता येतं, ती शिकवेल. तिच्याकडून गणित शिकायचं म्हणजे काय ते तूच समज.

ता. क. तिसरा. घंटा झाली. भिंतीकडे कोणी आलं नाही. आणि ताई, जिन्यातून शिट्टी ऐकू येतेय. सुरात नाही, पण येतेय. आवाजकाका लांबून मला दोन्ही हात वर करून दाखवताहेत.

ता. क. चौथा. आत्ता पहारेकरी कुत्र्यासकट धावत आला. म्हणतो, फाटकापाशी एक बाई आल्यात, छत्री आहे, पाण्याची बाटली आहे, काखेत ही एवढी जाड हिरवी फाईल आहे. कुणी भिंगरी इथे आहे का विचारतात. मॅडमनी माझ्या कागदावरचा ‘जवळचे नातेवाईक’ हा रकाना वाचून काल तुला फोन केला होता म्हणे, संमतीसाठी, आणि तो सगळा आवाजही ऐकवला. मला कुणी सांगितलं नाही. पहारेकरी सांगतो, आत येऊन बसा म्हटलं तर नको म्हणाल्या, मला बाहेरच बसायची सवय आहे. वर विचारलं, मागची भिंत केवढी उंच आहे आणि तिथे कोण उभं असतं.

पत्र खिशात टाकतोय. ताई, उठू नकोस. मी पुढच्या फाटकाने येतोय.