खोक्यातला घाट

पुणे, ता. ३ ऑगस्ट १९८७

ती. फक्रुद्दीन मामूंस,
मेहमुदाचा सलाम. वि. वि.

इकडे मी खुशाल. डिप्लोमानंतर लागलेली नोकरी टिकवायची तर तुमची मदत हवी. आमचे शेठ कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ बनवून घेताहेत. लाकडी खोक्यात टीव्ही, पुढे स्टिअरिंग, पायाशी वेगाची आणि ब्रेकची अशा दोन पट्ट्या. काम माझ्याकडे आणि ज्ञानू नावाच्या सोबत्याकडे आहे. दिवाळीत कोल्हापूरला दसरा चौकात प्रदर्शन आहे. तिथे खेळ चालला तर शेठ मला कायम करणार, नाहीतर घरी बसायचं.

आमची गाडी रस्त्यावर साबणाच्या वडीसारखी सरकते आणि आपटली तरी लगेच परत उभी राहते. मी सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. तुम्ही सव्वीस वर्षं एसटी घेऊन गगनबावड्याचा घाट उतरताय. वळणावर नेमकं काय होतं, ते लिहा. मामींच्या तांबड्या रश्श्याची आठवण येते, पण त्यांना सांगू नका, लगेच डबा पाठवतील.

उत्तराची वाट पाहणारी
तुमची मेहमुदा

कोल्हापूर, ता. ११ ऑगस्ट

चि. मेहमुदास,
मामूच्या अनेक दुवा.

पत्र पावलं, दोनदा वाचलं. पोरी, गाडी डोळ्यानं न्हाय, बुडाखाली कळती. रिकामी येगळी, भरल्याली येगळी. आत बावन्न माणसं, टपावर गुळाच्या ढेपा, आन् वळण आलं की सगळा बोजा बाहेरच्या अंगाला जातो. तवा वळणात ब्रेक दाबायचा न्हाय, आधी दाबायचा. गिअर खाली टाकून इंजिनालाच गाडी धरू द्यायची. स्टिअरिंग एकदम फिरवलंस तर मागली चाकं तुला सोडून जात्यात. धुक्यात कडा दिसत न्हाय, तवा काठाचं गवत बघून चालवायचं.

तुमच्या खेळात आपटल्याली गाडी परत उभी ऱ्हाती म्हणं. ते काढून टाक. आपटली की खेळ संपला पायजे. खोटं शिकवू नको लोकास्नी. आणखी काय लागलं तर इचार, मला सध्या सवड हाय.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.
तुझा मामू

पुणे, ता. २८ सप्टेंबर

ती. मामूंस,
सलाम. वि. वि.

तुम्ही सांगितलेलं सगळं घातलं. गाडी पहिल्यांदा बोजा सांभाळत वळली, तेव्हा मी खुर्चीवरून उठून नाचले. पण काल शेठनी ओळखीची माणसं बोलावली. अकरा जण खेळले, तिसऱ्या वळणापलीकडे एकही गेला नाही. एक वकील चिडून म्हणाले, की दिवसभर कोर्टात डोकं फोडायचं आणि इथेही धडे घ्यायचे का. शेठ म्हणाले, की लोक इथे नोकरी करायला येत नाहीत, उडायला येतात, बोजा काढा आणि आपटलेली गाडी परत उभी करा. ज्ञानूचंही तेच मत. मी आठ दिवस मागून घेतलेत. बोजा काढला तर तुमचा शब्द मोडतो, ठेवला तर नोकरी जाते.

मागच्या दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही. माझ्यावर रागावलात का? तसं असेल तर रागाचंच पत्र लिहा, पण लिहा.

तुमची मेहमुदा

कोल्हापूर, ता. ३ ऑक्टोबर

चि. मेहमुदास,
हुसेनबी मामीच्या दुवा.

हे शेजारच्या झुंबरबाईकडनं लिहून घेतीया. मामूंना कळवू नको. ते रागावल्यालं न्हाईत. जुलैत डोळं तपासलं, त्यात नापास झालं. गाडी सुटली. डेपोत टायरच्या खोलीत बसवलंय. मागल्या म्हैन्यात परत तपासलं, तरी तेच. तवापास्नं कुणाला लिहीत न्हाईत की बोलत न्हाईत. सकाळी खाकी घालून जात्यात, गल्लीला वाटतं गाडीवरच चाललेत.

तुझं पहिलं पत्र आलं तवा पितळी ताट हातात धरून पलंगावर बसलं हुतं. ताट फिरवायचं, डोळं मिटायचं आन् एकेक वळण लिहायचं. तुझ्या खेळाचं तू बघ, पण दिवाळीत त्यांना दसरा चौकात खेळ बघायला घिऊन जा.

वाट बघतीया,
तुझी मामी

कोल्हापूर, ता. २ नोव्हेंबर

चि. मेहमुदास,
मामूच्या अनेक दुवा.

तोंडावर बोलता आलं न्हाय म्हणून लिहितोय. दिवाळीत तू प्रदर्शनाला नेलंस, तवा तू बोजा काढल्यालं मला पहिल्याच वळणाला कळलं आन् मी खेळ अर्धा टाकून घरला आलो. तुझं तोंड उतरल्यालं मी बघितलं. ते टोचत ऱ्हायलं.

तू पुण्याला गेल्यावर मी एकटाच परत गेलतो. पोरांच्या रांगेत उभा ऱ्हायलो. खेळापाशी थांबल्याला ज्ञानू म्हणाला, मामू, वेगाची पट्टी दाबा की! दाबली. वळणाआधी पाय आपोआप ब्रेकवर गेला, तो उचलला. गाडी कठड्यावरनं थेट दरीत! मी झटक्यानं मागं बघितलं, माणसं ठीक हायत का म्हणून. मागं रांगेतली पोरं हसत हुती. तवर गाडी रस्त्यावर परत उभी. मग मी चार येळा मुद्दाम दरीत घातली. हसून हसून चष्मा पुसावा लागला. मी माझी बावन्न माणसं तुझ्या खोक्यात बसवत हुतो बघ. त्यास्नी तिथं काय काम? शेठनं तुला कायम केलं ते ज्ञानूकडनं कळलं, लई बरं वाटलं.

डोळ्याचं तुला ठाऊक हाय, हे मामीनं कबूल केलं. मग मी बी गल्लीत सांगून टाकलं. काल साध्या शर्टात डेपोत गेलो. बाळासो म्हणून नवा ड्रायव्हर टायर न्यायला आलता. घाटाचं भ्या वाटतं म्हणाला. त्याला तिथंच टायरवर बसवला आन् तुला लिहिल्यालं समदं अर्धा तास सांगितलं. परवा त्याच्या मागं खरी माणसं बसणार हायत.

सवड काढून लिहीत जा. आता उत्तराला उशीर करणार न्हाय.
तुझा मामू
फक्रुद्दीन