रेषेजवळचं पोतं

अण्णा, रविवारी मी लातूरला कबड्डी बघायला गेले होते आणि आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही असता तर पहिल्या दहा मिनिटांत धोतराचा सोगा झटकून उठला असता. मी उठले नाही. शेवटपर्यंत बसले, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी तिथली तऱ्हा ऐका.

लातूरच्या नावाचा एक संघ निघालाय. आमच्या शाळेत शिक्षकांना फुकट पास वाटले म्हणून गेले. रविवारच्या आधी सात सामने खेळले होते, सातही हरले होते. हरण्याचं मला काही वाटत नाही, आपला अहमदपूरचा संघ तरी कुठं धड जिंकायचा! किळस आली ती थाटाची. दारातच मनगटाला कागदी पट्टी बांधली, बाजारातल्या जनावराला खूण करावी तशी. आत पाऊल टाकलं की डीजेचा असा दणका की काळीज बरगड्यांवर आपटतं. निवेदक दर मिनिटाला ओरडतो, ‘लातूरकर, आवाज कमी येतोय!’ मग पडद्यावर ‘टाळ्या’ अशी अक्षरं येतात आणि माणसं टाळ्या वाजवतात. कशाबद्दल, ते विचारू नका. खेळाडूंच्या छातीवर कोचिंग क्लासची जाहिरात, पाठीवर डाळीची, मांडीवर सिमेंटची. लातूरचे दोघंतिघं आहेत, ते बाकावर. आत खेळतात ते कुठून कुठून आणलेले. बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली म्हणे साहेबांकडे, आणि साहेब पुढच्या सोफ्यावर पाय पसरून. या सगळ्यावर कळस म्हणजे तुरीची शेंग. हिरव्या स्पंजाची माणसाएवढी शेंग, तिच्यात एक जण कोंबलेला आणि तो बिचारा घामानं निथळत मैदानाच्या कडेनं नाचतोय. डाळीचं गाव म्हणून शेंग. डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण मिटले तरी डीजे होताच.

आणि अण्णा, दम ऐकू येत नाही! चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतोय की आईला हाक मारतोय, कुणाला पत्ता नाही. कबड्डी निम्मी कानानं बघायची असते, हे तुमचं वाक्य. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, “दम ऐकू येतोय का हो तुम्हाला?” ते हसले. म्हणाले, “कशाचा दम अन् कशाचं काय बाई! हितं खेळ कोण बघायलंय? नातवाला त्या शेंगंसंगं फोटो काढायचाय, म्हणून आलो.”

मला आपलं मोंढ्यामागचं मैदान आठवलं. सकाळी माती चाळून, पाणी शिंपडून ठेवलेली, चुन्याच्या रेषा, आणि रेषेला चिकटून बसलेलं सगळं गाव. गर्दी इतकी पुढं सरकायची की कडेची रेषा पंचाला दिसायचीच नाही. म्हणून आपल्या गावात एक रीत पडली होती. कडेच्या रेषेशी मोंढ्यातल्या मापाड्याला बसवायचं. दिवसभर धान्याच्या काट्यापाशी उभा राहून जो शेतकऱ्यापुढंही आणि व्यापाऱ्यापुढंही तेच वजन मोठ्यानं पुकारतो, त्याची नजर दोन्ही बाजूंना चालते. ती जागा तुमची. तुमच्याखाली घडी घातलेलं तागाचं पोतं, त्याच पोत्याच्या कोपऱ्यावर मी, सगळ्या मैदानात एकटी मुलगी. वाद झाला की पंच तुमच्याकडे वळतो. तुम्ही बोलत नाही. पाय बाहेर असेल तर उजवा हात वर करता, नसेल तर हात मांडीवर. त्यावर कुणी हुज्जत घालत नाही.

औशाच्या संघाशी झालेला त्या वर्षीचा तो शेवटचा सामना. आपण एका गुणानं मागं. शेवटची चढाई आपल्या गड्याची, आणि त्यानं दोघांना शिवलं! मी उडी मारून उभी राहिलेय, गाव नाचतंय. परत येताना त्याची टाच आपल्यासमोर, अगदी माझ्या पायापाशी, रेषेपलीकडे पडली. औशाच्या खेळाडूंनी ओरडा केला. पंचानं तुमच्याकडे पाहिलं. मी तुमचा सदरा मागून घट्ट धरला होता, आठवतं? तुम्ही हात वर केला.

त्या संध्याकाळी मोंढ्यापासून घरापर्यंत आपल्याशी कुणी बोललं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, “घरचाच भेदी.” स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर बसलात, आणि मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, “गप बसला असता तर काय बिघडलं असतं? कुणाला दिसलं होतं?”

तुम्ही भाकरी मोडता मोडता थांबलात. “तुला दिसलं व्हतं का न्हाई?”

“दिसलं होतं.”

“मग झालं तर. दोघांला दिसलं.” पुन्हा घास घेतलात आणि म्हणालात, “आज हितं गप बसलो, तर उद्या माझ्या काट्यावर पोतं कोण ठिवल, माय?”

मी चार दिवस तुमच्याशी अबोला धरला. मला तुमची लाज वाटत होती, हे आज सरळ सांगते. पुढच्या वर्षी आपल्याला कुणी बोलावणार नाही असं मी धरूनच चालले होते. पण गेलो तेव्हा रेषेशी पोतं आधीच घडी घालून ठेवलेलं होतं. भेदी म्हणणारा माणूसच ते सरळ करत होता. “या मापाडी, बसा,” एवढंच म्हणाला.

तर रविवारी काय झालं ते सांगते. मध्यंतरानंतर सोफ्यावरची बडी मंडळी जेवायला निघून गेली. कॅमेऱ्यात रिकामे सोफे बरे दिसेनात, तेव्हा मागच्या लोकांना उठवून पुढं आणायला लागले. मला त्यांनी अगदी टोकाच्या सोफ्यावर नेऊन बसवलं, कडेच्या रेषेपासून हातभर. म्हणजे तुमचीच जागा म्हणायची. मनात म्हटलं, बघा अण्णा, पोत्याचा सोफा झाला.

समोर नांदेडचा संघ. आमचे लोक कधी नव्हे ते बरे खेळले, आणि शेवटच्या चढाईला दोघांचे गुण सारखे झाले. डीजे बंद पडला की कुणी बंद केला कोण जाणे, पण दम ऐकू आला. खरा दम, अण्णा. आमच्या गड्यानं एकाला शिवलं, वळला, आणि तोल जाऊन त्याचा पाय माझ्यासमोर पडला. रेषेवरचा पंच होता, पण त्याच्यापुढं ती शेंग नाचत होती. मोठ्या पडद्यावर डाळीची जाहिरात चालू होती. नांदेडचा एक खेळाडू धापा टाकत थेट माझ्यापाशी आला. “मावशी, पाय भाईर पडला न्हवं? तुमच्या म्होरंच पडलाय. सांगा की.” मुख्य पंचही माझ्याकडे बघायला लागला. त्या दोघांना आपल्या रीतीचं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पांढऱ्या केसांची बाई खोटं कशाला बोलेल, एवढाच त्यांचा विश्वास.

मी म्हणाले, “माझं लक्ष नव्हतं.”

तो पोरगा “बरं मावशी,” म्हणाला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. पंचानं गुण लातूरला दिला. पडद्यावर ‘टाळ्या’ आलं, आणि मी वाजवल्या.

दोन दिवस मी स्वतःला समजावते आहे की मी घाबरले, एवढ्या लोकांपुढं काय बोलायचं, शिवाय मला कुणी नेमलं नव्हतं. आधी हे पत्रही त्या तमाशाला शिव्या घालायलाच लिहायला घेतलं होतं. घातल्या, आणि त्या मागे घेणार नाही. पण त्या शेंगेतल्या माणसाला तरी बाहेरचं धड दिसत नव्हतं. मी सोफ्यावर होते आणि चष्मा परवाच नवा केलाय.

हे पत्र तुम्हाला पोचायची सोय असती तर लिहायला धजावलेच नसते. कपाटात आईच्या लुगड्यांखाली ठेवून देईन. मी घाबरले नव्हते, अण्णा. मला एकदा जिंकायचं होतं. पाय चांगला चार बोटं बाहेर होता, आणि माझा हात मी मांडीवर दाबून धरला होता.