बेटावरचं बंद दार

दादा,

"आईला जरा बाहेर ने, तिला बरं वाटेल," असं फोनवर म्हणालास, म्हणून काल तिला बेटावरचं कलाप्रदर्शन बघायला नेलं. दुरून सल्ले द्यायला तुझं काय जातंय म्हणा!

जुन्या किल्ल्यातल्या गवतावर कुणा कलाकाराने एक दार उभं केलंय. भिंत नाही, घर नाही, नुसती चौकट आणि बंद दार. आईला हल्ली कशाचं भान नसतं. तिने दारापुढे चपला काढल्या आणि कडी वाजवली. "दादा, उघड रे!"

मी वळसा घालून पलीकडे गेले. म्हटलं, "आई, बाजूने ये ना, सगळं मोकळंच आहे."

"तू मध्ये पडू नकोस. तो आत आहे."

परतीच्या शेवटच्या लाँचचा भोंगा वाजला. मी विनवलं, ओढलं, शेवटी ओरडलेसुद्धा. ती जागची हलेना. लोकांना वाटलं, हेही प्रदर्शनातलंच. ते फोटो काढत राहिले.

शेवटी तिथला रखवालदार दारामागे गेला, तिकडून पुढे आला आणि म्हणाला, "आई, मी आलो. चल घरी."

त्याचा हात धरून ती मुकाट्याने लाँचमध्ये जाऊन बसली. मी मागून तिच्या चपला घेऊन चालले.

सकाळपासून ती खुशीत आहे. येईल त्याला सांगतेय, "दादा येऊन गेला."

हे पत्र मी टाकणार नाही. इतकी वर्षं तू यावंस म्हणून तुझ्या मागे लागले होते. आता खरंच दारात उभा राहिलास, तर तू कोण म्हणून तिला सांगू?

तुझी,
धाकटी