शेरेबुकातला अंगठा

डिंगोऱ्याजवळची वाडी
जुलै २००४

तपासणीला आलेले साहेब,

काल तुमच्यासमोर चौथीतल्या हर्षालीनं धडा घडाघडा वाचला. तुमी खूश होऊन इचारलं, "कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "खिचडीवाल्या धोंडामावशीनं." माझं नाव ऐकलं आन् तिथंच तुमचं तोंड फिरलं.

आमच्याकडं चार वर्गांना एकच गुरुजी. तेबी मतदारयादी घेऊन घरोघर फिरत्यात. खिचडी शिजेस्तोवर पोरांनी काय भिंतीकडं बघत बसायचं? पुस्तकातली भाषा त्यांना कळत नव्हती, म्हणून मी धडा आधी आपल्या बोलीत सांगायची आन् मग वाचून घ्यायची. मी सातवी पास हाये. पर ते तुमी इचारलंच न्हाई.

शेरेबुकात तुमी लिहिलं, "स्वयंपाकीण बाईने वर्गात पाऊल ठेवू नये." तुमी लिहीत असतानाच मी ते समोरून उलटं वाचलं. मग तुमी शाईचा पॅड माझ्याकडं सरकवला, आन् मी मुकाट अंगठा दिला. पोरं बघत व्हती. तुमचा राग येतोच, पर त्याच्याहून लई राग माझा मला येतो.

तुमची जीप गेल्यावर हर्षालीनं इचारलं, "मावशी, तुला तर सही येती. मग अंगठा का दिला?" मी चुलीतल्या राखेनं अंगठ्यावरची शाई घासत ऱ्हायले.

हे पत्र तुमाला धाडणार न्हाई. तुमी ते फाडाल आन् माझं कामबी जाईल. उद्या वर्गाच्या उंबऱ्याबाहेर बसून मी ते हर्षालीकडून मोठ्यानं वाचून घेणार हाये, खालच्या सहीसकट.

धोंडाबाई गेणू शिंगोटे